चकव्यातला ओमकार

शनिवार, १ नोव्हेंबर

आले एकदाची शेलूला. गल्लीच्या तोंडाशी टेंपो अडकला, ड्रायव्हरने वाटेतल्या म्हशीला आणि मला एकाच सुरात बाजूला व्हायला सांगितलं, आणि अकराच्या सुमारास माझी खोकी अंबूबाईंच्या वरच्या मजल्यावर पोचली. दोन खोक्यांत नुसते फासे आहेत. अंबूबाईंनी एक खोकं हलवून पाहिलं आणि एवढे फासे कशाला म्हणून विचारलं. म्हटलं, मावशी, माझी नोकरीच खेळण्याची आहे. त्यांना ते पटलं नाही, पण वरण, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वर पाठवली.

दोन खोल्या आणि एक गच्ची. गच्चीतून कापलेल्या भाताची शेतं दिसतात, मध्ये एक मोठी चिंच आणि तिच्याजवळ विहीर, लांब माथेरानचा डोंगर. शेतातल्या बांधावरून स्टेशन दहा मिनिटं. खाली अंबूबाई, त्यांचा मुलगा ओमकार आणि सून हर्षला. ओमकार अंबरनाथला कंपनीत जातो, हर्षलाला सातवा लागलाय. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मला शेजाऱ्यांची नावं चार वर्षांत कळली नव्हती. इथे दुपारपर्यंत सगळ्यांचे रक्तदाब कळले. मी खूश आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कामाला लागले. आमची पुण्याची छोटी कंपनी टेबलावर बसून खेळायचे खेळ काढते. चारपाच जण बसतात, एक सूत्रधार असतो. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, आपण काय करतोय ते बाकीचे सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. यंदाचं पुस्तक कोकणातल्या भुतांचं. प्रत्येक भुताला एक पान: कुठे भेटतं, त्याला काय हवं असतं, कशाने टळतं. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. भूत कुणीही रंगवेल, पण लोकांनी त्यावर काढलेली तोड जशीच्या तशी घेतली नाही तर खेळ पोकळ होतो. हे मी दर वर्कशॉपमध्ये छातीठोकपणे सांगते.

मुंजा, हडळ, खवीस पटापट झाले. चकव्यापाशी अडकले. त्याला ना तोंड ना हात, तो अंगावर येत नाही. मग त्याची ताकद मोजायची कशी?

अंबूबाई ओट्यावर बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या, त्यांना विचारलं. त्यांचे सासरे एकदा भर दुपारी याच चिंचेपाशी चकव्यात सापडले. ओळखीची वाट, तरी फिरून फिरून चिंच. घाबरले होते का, असं विचारलं. तर म्हणाल्या, नाय गं, तीच तर खोड हाय त्याची. भ्या नाय, भूक नाय, पाय दुखत नाय. मानूस आपला चालतोच हाय.

मग सासऱ्यांनी सदरा उलटा घातला, वाट दिसली, आणि अंबूबाईंनी गोष्टीत त्यांना घरी आणलं. एकेक वळण सांगत: चिंचेवरून खाली, कुठल्याशा हाताला विहीर, मग भाताच्या भाऱ्यांची रचलेली उडवी, मग अरुंद बांध, मग अंगण. दारात सासूने विचारलं, आलात का. ते म्हणाले, आलो. त्यांनी पाय धुतले. तेव्हा कुठे अंबूबाईंनी पुढचा वाल उचलला. हे सगळं होईपर्यंत मी फोन बघत होते, खोटं कशाला बोलू.

शेवट एवढा लांबवायचा कशाला, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, गोष्टीतला मानूस शेतात सोडून उठायचं नाय, बाय. ज्यानं नेला त्यानंच आनायचा.

वाक्य झकास आहे, मुखपृष्ठाच्या मागे छापता येईल. वहीत मात्र लिहिलं: शेपूट लांबतंय, कापायचं.

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिला डाव गच्चीत, दुपारी तीनला. ओमकार, हर्षला आणि ओमकारचा मित्र साईनाथ, ज्याचं नेरळला गॅरेज आहे. माझा एक नियम: प्रत्येकाने आपल्याच नावाने, आपल्याच गावात खेळायचं. परक्या किल्ल्यातल्या भुतापेक्षा आपल्या मोरीमागचं भूत जास्त लागतं.

आज हडळ होती. साईनाथने तिला गॅरेजमध्ये कामाला ठेवायची तयारी दाखवली. हर्षला इतकी हसली की अंबूबाई खालून ओरडल्या, पोटातलं पोर घाबरंल. ओमकार कमी बोलतो, पण फासा टाकताना डोळे मिटतो. बाळाचं नाव कोणी ठेवायचं यावरून त्याची आणि हर्षलाची फाशांवर पैज लागली. तो हरला आणि त्याचाच त्याला जास्त आनंद झाला. मला ही माणसं आवडायला लागलीत.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज चकवा. इतका चांगला डाव मी गेल्या कित्येक वर्षांत चालवला नाही.

खेळात हर्षला आणि साईनाथ घरी होते. ओमकार भर दुपारी शेतात पेंढा बघायला निघाला. मी फक्त सांगत गेले: समोर चिंच आहे. तू पुढे जातोस. समोर चिंच आहे. चौथ्या वेळेला गच्चीत कुणी हसत नव्हतं. ओमकारने डोळे मिटून फासा टाकला, एक पडला. समोर चिंच आहे, मी म्हटलं, आणि वही मिटली. पुढचं पुढच्या रविवारी.

माणूस नेमका अडकलेला असताना थांबायचं, म्हणजे तो आठवडाभर मनात खेळत राहतो. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे.

अंबूबाई चहा घेऊन वर आल्या होत्या. घरी आला का तो, त्यांनी विचारलं. नाही, पुढच्या रविवारी येईल. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि आत्ताच आण म्हणाल्या, दोन मिंटांचं काम हाय. मी त्यांना समजावून सांगितलं की उत्कंठा नावाची एक गोष्ट असते. चांगलं पाच मिनिटं समजावलं. मग त्या ओमकारला म्हणाल्या, जा रं, पाय धू. तो हसत म्हणाला, आये, मी शेतात कुठं गेलोय, गच्चीत तर बसलोय. चहा घेऊन तो खळ्यावर भाताची झोडणी बघायला गेला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ओमकारला काल स्टेशनवरून घरी यायला तीन तास लागले. दहा मिनिटांची वाट. तो सांगताना हसत होता. म्हणे विचारात होतो, चिंचेपाशी वळायचं राहून गेलं. किती वेळा राहिलं, असं हर्षलाने विचारलं, तर त्याला सांगता येईना.

मी ते टिपून घेतलं. चकव्याच्या पानासाठी तपशील चांगला आहे. आता वाचताना स्वतःची लाज वाटतेय, पण लिहिलं ते लिहिलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ओमकार आज सकाळी सातला कामावर गेला आणि दुपारी दीडला परत आला. स्टेशनच सापडलं नाही म्हणाला. हे त्याने भाजी संपली होती म्हणावं तसं सांगितलं. चपला घासून पातळ झाल्यात. जेवला नाही. हर्षला त्याच्यासमोर रडली तर तिच्याकडे तो खिडकीबाहेर बघावं तसा बघत होता. बाळाने लाथ मारली म्हणून तिने त्याचा हात पोटावर ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला.

हर्षला वर आली आणि म्हणाली, ईशानीताई, तो घरात हाय, पण आलेला नाय.

मी माझं पान काढलं. तिसरी ओळ: सदरा उलटा घालावा. खाली जाऊन ओमकारला उलटा सदरा घालायला लावला. त्याने घातला. काही झालं नाही. तोड मी अर्धीच लिहिली होती.

शनिवार, २२ नोव्हेंबर

काल सकाळपासून ओमकार नाही. पोलिसांत कळवलं. कंपनीत नाही, नातेवाइकांकडे नाही. साईनाथने बाईकवरून आज दुपारी बाराला त्याला बांधावर पाहिलं. हाक मारली, त्याने हात केला आणि चालत राहिला. साईनाथ गाडी टाकून धावला, तर बांध मोकळा.

साडेबाराला मलाही गच्चीतून दिसला. उलटा सदरा. चिंचेला वळसा, पुन्हा वळसा. हर्षला तशीच अवघडलेली धावत गेली. ती पोचली तेव्हा तिथे कुणी नव्हतं, आणि मला तर ती दोघं एकाच ठिकाणी दिसत होती.

हे मी केलंय. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी मोठ्याने म्हटलं, ओमकार घरी आला, त्याने पाय धुतले. सगळे अंगणापलीकडच्या बांधाकडे बघत राहिलो. अंबूबाई म्हणाल्या, असं उडी मारून नाय चालत. वळण वळण सांगत आनायचा. मी सांगायला लागले आणि विहिरीपाशीच चुकले, डावी की उजवी. ही वाट मी कधी चाललेच नाही. स्टेशनला रिक्षाने जाते. ऐकायची होती तेव्हा फोन बघत होते.

मग अंबूबाईंनी शिकवली. चार वेळा घोकून घेतली. उद्या दुपारी मीच जायचं, तो दिसला की शेजारी चालत सांगायचं. त्या दारात थांबणार, कारण विचारणारं माणूस दारात लागतं.

निघताना म्हणाल्या, आन तुला कोन आननार गं? म्हटलं, मी त्याच्याबरोबरच असेन ना.

रात्री अकरा. मघाशी आडवी झाले तेव्हा झोप लागेल असं वाटलं नव्हतं. लागली. भीतीसुद्धा कालच्यापेक्षा कमी आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

११.५०. चिंचेखाली. वही घेतलीय, वळण चुकू नये म्हणून. ऊन आहे. झोडणीचा आवाज येतोय.

१२.०५. आला. माझ्या समोरून गेला, ओळख नाही. चेहरा शांत. मलाही शांत वाटतंय. वाटायला नको.

१२.१०. दुसरा फेरा. सूत्रधाराच्या आवाजात म्हटलं, ओमकार, समोर चिंच नाही. समोर उतार आहे. तू उतरतोस.

उतरला.

१२.१५. उजव्या हाताला विहीर आहे. तू विहीर ओलांडतोस. — ओलांडली. त्याने डोळे मिटलेत, फासा टाकताना मिटायचा तसे.

१२.२५. उडवी. इथे थांबला. हर्षला दारात उभी आहे म्हटलं. बाळाचं नाव तिने ठरवलंय, तुला अजून सांगितलेलं नाही. तू पुढे जातोस. — गेला. हे वाटेत नव्हतं, मी घातलं.

१२.३०. अरुंद बांध. एकामागून एकच जाता येतं. तो पुढे. मी सांगतेय, समोर अंगण आहे. समोर दार आहे —

१२.३५. अंगणात पोचला. मला इथून ऐकू येतंय. आलास का रं? मग, आलो. आलो गं आये. पाणी ओतल्याचा आवाज. हर्षलाचं रडणं, मोठ्याने.

आणला.

आनंद व्हायला हवा. झाला असेल. हे लिहून घ्यायला बांधावर थांबले. वीस पावलं राहिलीत. जाते.

चिंच.

चुकून वर आले बहुतेक. पुन्हा खाली. विहीर —

चिंच.

घड्याळात १२.३५. मघाशी पण तेच होतं.

कुर्ता उलटा घातला. चिंच.

पाय दुखत नाहीत. सकाळपासून खाल्लं नाही, भूक नाही. आई आठवते का म्हणून आठवून पाहिली. आठवते. बाकी काही नाही.

ओमकारला नेलं मी, आणलं मी. मला कुणी नेलं? मीच. वहीत लिहून, चिंचेखाली.

म्हणजे आणायचंही मीच —

अंबूबाई हाक मारतायत. आलीस का गं, बाय? किती वेळ मारतायत. उत्तर दारात द्यायचं, आधी नाही. घर समोर दिसतंय. आवाज मागून येतोय.

सावकाश लिहिते. वळण वळण. उडी मारायची नाही. ईशानी, समोर चिंच नाही. समोर उतार आहे. तू उतरतेस. उजव्या हाताला विहीर आहे. तू ओलांडतेस. मग उडवी. मग अरुंद बांध. तू थांबत नाहीस. मग