गाईला बांधते, पोराला न्हाई

माय, आज सकाळपासून धाकटा आठवतोय, आणि त्याच्याबद्दल ज्याच्याशी बोलावं असं माणूस तुझ्यामागे उरलं नाही.

रझाकारांची भीती नुकतीच सरली होती. आपण आष्टीत होतो. धाकटा सहा-सात वर्षांचा, पण बोलायचा नाही, आणि लागलं तरी रडायचा नाही. दुसरी पोरं पडली की भोकाड पसरतात, आई धावते. हा पडला की उठून चालू लागायचा. एकदा चुलीतून सांडलेल्या निखाऱ्यावर उभा राहिला. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा तुला कळलं. एकदा हरभऱ्याचा दाणा कानात गेला, फुगला, कान वाहायला लागला, तरी हा हसतोच आहे. मग रोज दिवेलागणीला तू त्याला मांडीवर घेऊन बसायला लागलीस. तळवे, बोटांच्या बेचक्या, कान, तोंड बघायचीस, एकेक हाड दाबायचीस. दुखऱ्या जागी त्याची पापणी जराशी लवायची. ती तुलाच दिसायची.

आत्याचं म्हणणं, खांबाला बांधून ठेव, तुझीही कामं होतील. बाबांनी तर दावंच आणून पुढे टाकलं. तू ते उचलून गोठ्यात नेलंस. "गाईला बांधते मी, पोराला न्हाई," म्हणालीस. "पडू द्या त्याला. मी बघून राह्यले ना."

पावसाळा सरता सरता तुला हिवताप आला. तू गोधडीखाली थडथडत होतीस, धाकटा अंगणात खेळत होता. तू उठून बसलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला भाकरीचा घास घ्यायला तोंड उघडेना. बैलगाडी जुंपून परतूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय धुतला तेव्हा अंगठ्याखाली खिळ्याची जखम दिसली, वरून मिटलेली. धनुर्वात म्हणाले, फार उशीर झाला म्हणाले. तू सवयीने त्याचं अंग चाचपायला गेलीस, तर नर्सने अडवलं. हात लागला की आचके येतात. तू हात पाठीमागे घेऊन भिंतीशी उभी राहिलीस, तो जाईपर्यंत.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "बांधलं असतं तर आज जिवंत असता." मला वाटतं, तू ते खरं मानलंस. ते खरं नव्हतं, माय. त्याला जी काही वर्षं मोकळं फिरायला मिळालं, ती तू दिलीस.

त्यानंतर एका संध्याकाळी तू मला जवळ बसवलंस, माझा पाय मांडीवर घेतलास, तळव्यावर अंगठा टेकवलास. मग हात काढून घेतलास. "तुझं तुला सांगता येतं," म्हणालीस, आणि आत गेलीस.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, फाडून टाकणार आहे. म्हणून लिहिते. मला सांगता येत नव्हतं, माय. अजूनही येत नाही.