वाटीखालचं डबकं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. तिकडेही तसंच असावं असं लिहिणार होते, पण मागच्या आठवड्यात फोनवर तू फक्त डाव्या गालाने बोलत होतीस, ते मला कळलं. दाढेत लवंग धरून माणूस किती दिवस काढणार? असो, दाढेचं पुढे बोलू. बाबांची कंबर आता टायर उचलण्याइतकी सुधारली आहे. आई तुझी आठवण काढते. (हल्ली जरा जास्तच काढते, त्याचं कारणही पुढे येईल.) घरातली पहिली पदवीधर संध्याकाळी काय करते, असं तू बाबांना विचारलंस आणि ते "खेळते" एवढं म्हणून मोकळे झाले, असं कळलं. म्हणून माझी बाजू मांडायला हे पत्र लिहायला घेतलं.

आत्या, मी खेळत नाही. मी देखावे करते. म्हणजे खेळण्यातली मोटार घ्यायची आणि तिच्याभोवती तिच्या मापाची जागा उभी करायची. मोटार काडेपेटीएवढी असली तर माणूस बोटाच्या पेराएवढा येतो आणि टायर शर्टाच्या बटणाएवढा. गेले काही महिने मी बाबांचंच दुकान करते आहे. बाहेर टायरांची चळत, वर तिरका झालेला पत्रा, दारात ट्यूब बुडवून पंक्चर शोधायची टाकी, सगळं आहे. ट्रकच्या मडगार्डला मी चहाची पूड आणि गोंद लावून गंज आणला. तो बाबांनी चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाले, "पदवी घेऊन गाड्यांना गंज लावतेस होय? माझ्या गाडीला तो फुकट लागलाय." तरी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते माझ्या या चिमुकल्या दुकानाबद्दल सांगतात, हे मला बाहेरून कळलं आहे.

आमचं एक मंडळ आहे. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर महिन्याला जमतो. घड्याळवाले काका अध्यक्ष आहेत, कारण खोली त्यांची आहे आणि भिंगंही त्यांचीच. मी चिटणीस आहे, कारण बाकी कोणी हो म्हणालं नाही. चिटणीस झाल्या झाल्या मी एक नियम करून घेतला: जो दाखवील तो सांगील. देखावा मांडला की तो कसा केला हे काहीही हातचं न राखता सगळ्यांना सांगायचं. हा नियम मला का हवा होता, हे तुला सांगायला नको. कॉलेजचा अर्ज भरताना आपल्या घरात विचारायला कोणी नव्हतं आणि खिडकीपलीकडचा माणूस "एवढंही माहीत नाही?" म्हणाला होता, तेव्हा तूच माझ्याबरोबर रांगेत होतीस. ज्याला माहीत आहे त्याने सांगावं, एवढं एक जरी जगात झालं तरी पुष्कळ आहे असं मला तेव्हापासून वाटतं. अजूनही वाटतं. (पत्र संपेपर्यंत हे वाक्य लक्षात ठेव.) माझ्या वाटणीचं म्हणून मी 'गंज कसा आणावा' यावर एक सविस्तर टिपण लिहिलं. त्याला प्रस्तावना होती. सगळ्यांना त्याच्या प्रती वाटल्या. पुढच्या बैठकीला पाहिलं, तर मंडळातल्या शिंपीणबाई माझी प्रस्तावना टेबलावर पसरून तिच्यावर गोंद सांडत बसल्या होत्या. कागद जाड आहे गं, छान शोषतो, असं म्हणाल्या.

अशा वेळी आमच्यात दातांचे डॉक्टर आले. आत्या, या माणसाबद्दल वाईट लिहावं म्हणून मी मघाशी पेन तीनदा टेकवलं, पण लिहिण्यासारखं काही सापडत नाही, आणि हेच त्यांचं सगळ्यात वाईट आहे. हात असा स्थिर की बोटाच्या पेराएवढ्या बाहुलीला पापण्या काढतात. अवजारं आयती, एकेक सुईसारखं. आम्ही नेलपॉलिशच्या ब्रशाचे केस उपटून रंगवतो आणि हे हिरड्यांच्या चिमट्याने दाराला बिजागरी बसवतात. बरं, माणूस चिकट असता तर निदान नियमावर बोट ठेवता आलं असतं. हे सगळं सांगतात. अर्ध्या पानात, चित्रासकट, नमुन्याची पुडी जोडून. आणि सांगून झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणतात, "चिटणीसताईंनी नियम केला म्हणून मला शिकवायची गोडी लागली." सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवते. माझ्या तळहाताला त्या कशा लागतात ते माझं मला माहीत.

त्यांचं पाणी बघून तर माझी झोपच उडाली. रेझिन म्हणून एक रस मिळतो. दोन बाटल्यांतला एकत्र ढवळला की घट्ट होतो आणि काचेसारखा दिसतो. त्यांनी रस्त्याच्या खड्ड्यात तो ओतला होता. खड्ड्यात शेजारच्या खांबाचं प्रतिबिंब दिसत होतं. शिंपीणबाईंनी ते ओलं आहे का म्हणून बोट लावून पाहिलं. घड्याळवाल्या काकांनी तर भिंगच खाली ठेवलं. माझा गंज बघताना त्यांनी भिंग कधी खाली ठेवलं नव्हतं.

मी त्यांचं अर्धं पान घरी आणून बरहुकूम केलं. पहिलं डबकं चिकट राहिलं आणि त्यात माशी बसली, ती अजून बसलेलीच आहे. दुसऱ्यात इतके बुडबुडे आले की टायरच्या दुकानासमोर सोडा सांडल्यासारखं दिसायला लागलं. माझी खात्री झाली की या माणसाने एक पायरी गाळली आहे. इतका हसतमुख माणूस काही ना काही लपवतच असणार. पण चिटणिसाने सभेत तसं म्हणायचं कसं? म्हणून मी दात दुखतो असं सांगून त्यांच्या दवाखान्यात गेले. त्यांनी आधी दात साफ करायला घेतले, तेव्हा एक विचित्र गोष्ट कळली. डॉक्टर काम करताना अखंड बोलतात, आणि देखाव्यांबद्दलच बोलतात. रस कोमट कसा करावा, कडेला कसा थोपवावा, सगळं भडाभडा सांगतात. पण ऐकणाऱ्याच्या तोंडात तेव्हा कापूस, नळी आणि त्यांची दोन बोटं असतात. मला एक नेमका प्रश्न पडला होता. मी तो विचारला. त्याचा आवाज "आँ" असा आला. ते म्हणाले, "झालंच हं, थोडं सहन करा." आणि विषय बदलला. पुन्हा गेले तेव्हा त्यांनी सगळे दात ठोकून पाहिले आणि म्हणाले, ताई, तुमचा एकही दात बिघडलेला नाही, पुन्हा यायचं कारण नाही. चांगले दात असल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आता वार्षिक प्रदर्शनाचं सांगते, कारण सगळं त्यावर अडलं आहे. प्रदर्शनात खिडकीजवळ एक टेबल असतं. तिथे मंडळातलं एकच माणूस बसतं आणि लोकांसमोर करून दाखवतं. भोवती गर्दी होते, लोक विचारतात, ते माणूस सांगतं. आत्या, मला ते टेबल हवं आहे. बाबांना आणि आईला समोरच्या रांगेत उभं करून मला एकदा सांगणाऱ्याच्या बाजूला बसायचं आहे. यंदा कोण बसणार ते या महिन्याच्या बैठकीत ठरायचं होतं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी तिसरं डबकं ओतलं. धूळ बसू नये म्हणून वर काहीतरी झाकायला हवं होतं. आई भांडी घासत होती. तिच्या हातातली एक वाटी घेऊन मी दुकानासमोर पालथी घातली. सकाळी उचलायला गेले तर वाटी उचलेना. रस सरकून कडेपर्यंत गेला होता आणि वाटी, रस्ता आणि टायरांची अर्धी चळत यांचा एक संसार झाला होता. मी ओढली तर दुकान बरोबर यायला लागलं. आईने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ही वाटी ताईंनी दिलेल्या सहांतली आहे. मला सहाच्या सहा हव्यात." ताई म्हणजे तू. तुझी आठवण जास्त का निघते, हे आता कळलं असेल.

तर मी वाटीसकट बैठकीला गेले. सगळ्यांना वाटलं, हिने मुद्दाम झाकून आणलं आहे. देखाव्याभोवती गोल करून उभे राहिले आणि मी वाटी कधी उचलते याची वाट पाहू लागले. मीही पाहत होते. शेवटी अडकली आहे असं सांगितल्यावर डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, खिशातून (खिशातून, आत्या) एक पातळ अवजार काढलं आणि कडेकडेने फिरवायला लागले. वर त्या दुकानाला म्हणाले, "काही दुखणार नाही हं."

वाटी निघाली. खाली डबकं होतं, पण काचेसारखं नव्हतं. पांढुरकं, गढूळ, साबणाची साय आल्यासारखं, कडेला किंचित निळसर. मी वाटी परत पालथी घालायला गेले. मग शिंपीणबाई म्हणाल्या, अगं, हे तर पंक्चरच्या टाकीतलंच सांडलंय. घड्याळवाल्या काकांनी भिंग खाली ठेवलं. दोनदा ठेवलं, मी पाहिलं. आणि खरं सांगू? हुबेहूब बाबांच्या दारातलं डबकं होतं ते. घरी आणल्यावर बाबांनी पाहिलं आणि फडकं शोधायला लागले.

तर तिथे बैठकीत काका म्हणाले, सांगा आता, कसं केलंत?

आत्या, मला माहीत नाही. रस तोच, माप तेच. वाटी ओली होती का, गरम होती का, साबण लागलेला होता का? मी म्हटलं, वाटी पालथी घातली आणि झालं. कोणाचा विश्वास बसला नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, पण डोळ्यांनी हसले नाहीत. हिने एक पायरी गाळली आहे, असं स्पष्ट लिहिलेलं होतं त्या नजरेत. ती नजर मी ओळखते, कित्येक महिने मीच ती वापरते आहे. मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वाटी अभ्यासाला नेऊ का? तुमच्याच नियमाप्रमाणे." सगळ्या मंडळासमोर नाही कसं म्हणायचं? काकांनी निकाल दिला: प्रदर्शनाआधी जो हे गढूळ पाणी पुन्हा करून दाखवील, टेबल त्याचं. तेव्हापासून वाटी दवाखान्यात, औषधांच्या फळीवर आहे. रस्त्यावरून जाताना ती मला काचेतून दिसते. तिच्या आतल्या बाजूला काहीतरी पांढरं आहे. आईकडे दुसरी मागितली तर ती पाच वाट्या पदराखाली घेऊन बसल्यासारखी बोलते. घरच्या बाकीच्या भांड्यांखाली करून पाहिलं, डबकं दरवेळी स्वच्छ येतं. नको तेव्हा काचेसारखं येतं, आत्या.

असो. फार लांबलं. तब्येतीला जप, आणि मामांना नमस्कार सांग.

तुझी,
भाची

ता. क. तुझ्याकडेही त्याच दुकानातल्या सहा वाट्या आहेत ना? एक येताना आण. घासलेली असली तर कशाने घासतेस तेही सांग.

ता. क. 'येताना' लिहिलं, कारण तू येणार आहेस. तुझी दाढ, आत्या. नुसत्या लवंगेने भागणार नाही. आमच्याकडे फार चांगले डॉक्टर आहेत, हात अतिशय हलका, हे मी मनापासून लिहिते आहे. रविवारची वेळ तुझ्या नावाने घेऊन ठेवली आहे. सोबत म्हणून मी आत बसेन. काम करताना त्यांची पाठ औषधांच्या फळीकडे असते, हे मी खुर्चीतून दोनदा पाहिलं आहे, आणि माझ्याकडे मोठी पिशवी असेल. ही चोरी नाही. वाटी आईचीच आहे, तिने मागितली आहे. तू फक्त मधूनमधून कण्ह.

ता. क. मला गुपित ठेवायचं आहे असं समजू नकोस. ज्याला माहीत आहे त्याने सांगावं, हे माझं मत कायम आहे आणि मी सगळ्यांना सगळं सांगणार आहे, प्रस्तावनेसकट. फक्त प्रदर्शनानंतर. कधी सांगावं हे नियमात लिहायचं राहून गेलं आहे. तोवर डॉक्टर वाटीबद्दल तुला खोदून खोदून विचारतील. घाबरू नकोस. तुझ्या तोंडात तेव्हा त्यांचीच बोटं असतील.