क्रमांक सातबाबतचा ठराव

८ जानेवारी

एक माणूस पाण्यात टाकायला आम्हाला पावणेतीन तास लागले! आणि तोही कागदावरचा.

ग्रामपंचायतीत आज आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण होतं. पुण्याहून शुभंकर सर आले होते — वय असेल पंचवीस, पायात पांढरे बूट. संध्याकाळपर्यंत तेही आमच्या मातीचे झाले. पुरुषांचा गट सभागृहात, बायकांचा शेजारी अंगणवाडीत. माझी बायको नम्रता तिकडे. दोन्हीकडे एकच छापील कागद. होडी बुडतेय, माणसं नऊ, जागा आठ. एकाला उतरवायचं, आणि ठरवायचं ते एकमताने.

"उतरवायचं म्हणजे कुठं?" सरपंच रावजींनी विचारलं. पाण्यात, सर म्हणाले. रावजींचे बाप-आजे सगळे दर्यावर गेलेले. "होडी बुडताना मानूस नाय टाकत कोन. जाळी टाकतात, बर्फ टाकतात." जाळी नाही, बर्फ नाही असं समजा, सर म्हणाले. "मंग गेलेच कशाला दर्यात?" इथे पहिला तास गेला.

दुसरा तास सुकाणू कोणाकडे यावर. कागदावर डॉक्टर, गरोदर बाई, पोलीस, बेडी घातलेला कैदी, मास्तर, इंजिनिअर, भटजी, एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ, आणि क्र. ७ — गृहिणी, वय ४८, विशेष कौशल्य नाही. तांडेल कोणीच नाही! होडी आपोआप चालते असं समजा, म्हणाले सर. रावजींनी हात जोडले.

कैद्याला काढावं असं सरांच्या मनात असावं. पण कैदी काढला तर पोलिसाला तिथे कामच उरत नाही, आणि पोलीस काढला तर कैदी पळणार. (कुठे पळणार, ते कोणी विचारलं नाही.) ऐंशीच्या गृहस्थांना हात लावायची सोय नव्हती, कारण समोर दाजी बसलेले — वय एकोणऐंशी, काठी मांडीवर आडवी. गावचे मास्तर तर आमच्या आपत्ती समितीवरच आहेत. भटजींचा भाचा समितीवर आहे. खोलीत ज्याचा कोणी होता तो होडीत राहिला. पावणेदोन वाजले. बाहेरून काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास यायला लागला. मी म्हटलं, सात नंबर काढा आणि जेवायला उठा. एकमताने मंजूर!

मी सगळं रीतसर लिहून काढलं. ठराव क्र. १. सूचक — अस्मादिक. अनुमोदक — दाजी. सह्या, शिक्का. शुभंकर सर म्हणाले, याची गरज नव्हती हो काका. त्यांना काय कळतंय! सव्वीस वर्षं लिपिक आहे मी. सही-शिक्क्याशिवाय झालेलं काम म्हणजे गप्पा.

घरी आल्यावर नम्रताने विचारलं, "तुमचं काय ठरलं?" सांगितलं. "सुचवलं कोणी?" मी, म्हटलं. जरा ऐटीतच.

"बरं," म्हणाली.

९ जानेवारी

सकाळी आतून हाक आली — "सात नंबरने चहा ठेवलाय. घ्यायचा तर घ्या."

१० जानेवारी

ठराव फलकावर लावला. लावावा लागतो. दुपारपर्यंत अर्धी वाडी फलकापुढे! कोणीतरी उठवलं की पुढचं वादळ आलं तर याच यादीप्रमाणे माणसं हलवणार. तुळसाकाकी टोपलीभर बांगडे घेऊन ऑफिसात. "माझ्या भावेशचा नंबर टाक रे बाबा. उभ्यानं जाईल तो." म्हटलं, काकी, ही खरी होडी नाही. "खरी नाय, तर शिक्का कशाला मारलास?"

बांगडे परत केले. (सगळे नाही.)

दाजींचं तर वेगळंच. गावातून काठी न टेकता फिरतायत. भेटेल त्याला सांगतात, "आपलं पक्कं झालंय."

आणि बायका मला बघून कुजबुजतात. नम्रता अट्ठेचाळीस वर्षांची आहे हे सगळ्या वाडीला माहीत आहे. मलाही माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच! उपाशी माणसाला काय काय आठवणार?

१२ जानेवारी

आज फार वाईट झालं. म्हणजे घडलं तसं काहीच नाही.

मला पंचायत समितीत कागद द्यायचे होते, नम्रताला बाजार. रत्नागिरीला वडापच्या जीपने निघालो, चेपून बसलेले सगळे. भाट्याच्या पुलाच्या अलीकडे समोरून येणारा रिक्षावाला ओरडला, पलीकडे पोलीस आहेत. ड्रायव्हर म्हणाला, कोणीतरी एक उतरा, पूल चालत या, पलीकडे घेतो. कोणी हललं नाही. जो तो खिडकीतून समुद्र बघायला लागला, जसा काही जन्मात पाहिला नव्हता. नम्रता उतरली. दार ओढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाली, "सूचक तुम्हीच ना? आज अनुमोदक कोण?"

सगळी जीप हसली. मीही हसलो.

पूल काही छोटा नाही. मागच्या काचेतून ती दिसत होती. पदर डोक्यावर, पिशवी या हातातून त्या हातात. मी का उतरलो नाही? मांडीवर फायली होत्या. शिवाय एकच माणूस जास्त होता, दोघांनी उतरायची गरज नव्हती. दुपारभर ही कारणं मला पटत होती. आता इथे लिहिल्यावर नाही पटत. लाज वाटतेय.

१३ जानेवारी

ठाण्याहून राहीचा फोन. "बाबा, तुम्ही आईला बुडवलंत?"

लेक आहे की चौकशी अधिकारी! म्हटलं, ती आई नव्हे, क्र. ७. तर म्हणते, "मग आईच फोनवर सात नंबर बोलतेय असं का म्हणाली?"

१५ जानेवारी

शेवटी समोर बसवून समजावलं. हा सराव होता. होडी नव्हती, पाणी नव्हतं, कागदावरची बाई म्हणजे तू नव्हेस.

"विशेष कौशल्य नाही, हे कोणी लिहिलं?"

पुण्याहून छापूनच आलं होतं, म्हटलं.

"आणि तुम्ही ते वाचून पुढे गेलात."

बोलायला जागाच ठेवत नाही ही बाई. मग मला वाटलं, दुरुस्ती अर्ज करू. क्र. ७ च्या माहितीत कौशल्यं घालून घेऊ. ऑफिसात कोरा कागद घेऊन बसलो. १. स्वयंपाक. २... २ पाशी पंधरा मिनिटं गेली. म्हणजे येतं तिला पुष्कळ. सगळं तीच करते. पण नेमकं काय, असं सुटं करून लिहायची वेळ कधी आली नव्हती. वीजबिल भरते ती. आंब्याच्या कलमांना फवारणी कधी, कसली, हे गडी तिलाच विचारतात. माझी आई अंथरुणाला खिळली होती ती दोन वर्षं... ते कोणत्या नावाने लिहायचं?

घरी येऊन तिलाच विचारलं. तुला काय काय येतं ते सांग, अर्जाला जोडायचंय.

आधी माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून म्हणाली, "दोन प्रतींत देऊ का?"

१७ जानेवारी

रावजींकडे गेलो. म्हटलं, ठराव रद्द करा. माझा संसार धोक्यात आहे. रावजी म्हणाले, "करू की. पन मंग सातच्या जागी कोनाला उतरवायचा ता सांग."

इथेच गाडी अडते. समिती बोलावली. डॉक्टर? गावात आधीच डॉक्टर टिकत नाही, कागदावरचाही घालवायचा? गरोदर बाईचं नाव काढायची कोणाची छाती नाही. इंजिनिअर म्हटलं तर मास्तर उखडले, त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. दाजींनी काठी उचलली. मी म्हटलं, मग ग्रामपंचायत लिपिक उतरवा, मी जातो. तर म्हणतात, तुझं नाव यादीतच नाय, जो चढलाच नाय त्याला उतरवायचा कसा?

शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलं लावली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. रावजींनी गाऱ्हाणं घातलं — "बाय माझे, पुण्याचा कागद आलाय, होडीत मानसं नऊ..." एकेकाचं नाव घेत गेले. डॉक्टर उतरवू? फूल हललं नाही. पोलीस? नाही. कैदी? नाही. सव्वा तास आम्ही उभे! ना उजवं ना डावं.

गुरव म्हणाला, "वाचवायचा कौल देते ती. बुडवायचा मागितलाव तर गप्पच बसनार."

तरी दाजी म्हणाले, आपलं नाव पुन्हा घेऊ नका.

१९ जानेवारी

शुभंकर सरांना फोन लावला. सर, बरोबर उत्तर काय होतं तेवढं सांगा. सर म्हणाले, "काका, याला बरोबर उत्तर नसतं. चर्चा महत्त्वाची."

उत्तर नाही! उत्तर नसलेला कागद नऊ प्रतींत छापून घाट उतरून आणला. माझ्या घरात अकरा दिवस चर्चाच चाललीय म्हणावं.

२० जानेवारी

सात नंबरचं मौन. भाकरी वेळेवर.

२२ जानेवारी

मौन बरं नव्हे. ती चिडवत होती तोवर मला घोर नव्हता. आता विचारलं तेवढंच बोलते, तेही "हो", "नाही", "डब्यात आहे". एकोणतीस वर्षांत भांडलो पुष्कळ, पण असं गप्प घर नव्हतं. मला नम्रता हवी आहे. सात नंबर नको.

२३ जानेवारी

सुचलं! फवारणीचा पंप धुताना सुचलं. कोणालाच उतरवायचं नाही. कोणाचं नाव नको, वाद नको, कौल नको. एका आकड्याचं काम! रावजींना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. २६ च्या ग्रामसभेत विषय घेतला. विषय क्र. ४.

२६ जानेवारी

कलमं मोहरलेली, निम्मं गाव फवारणीला. गणपूर्ती होईना. रावजी धोरणी — झेंडावंदनाची जिलेबी सभा संपल्यावर वाटायची असं जाहीर केलं. पाच मिनिटांत सभागृह भरलं.

मी उभा राहून वाचलं. "ठराव क्र. १ मधील होडीची क्षमता 'आठ' अशी नमूद आहे. तेथे 'नऊ' असे वाचावे. सबब, क्र. ७ यांस पूर्ववत होडीत सामावून घेण्यात यावे."

मागून कोणीतरी म्हणालं, "दहा करा की, आमचा भावेश पन बसंल." तुळसाकाकीच! रावजी म्हणाले, पुढच्या सभेत. सूचक — मी. अनुमोदक व्हायला यावेळी सात हात वर! दाजींनी दोन्ही केले. एकमताने मंजूर, टाळ्या, जिलेबी.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतका चांगला ठराव मी लिहिला नाही. प्रत स्वच्छ अक्षरात काढली, शिक्का सरळ मारला. नम्रता सभेला नव्हती, राहीच्या बाळासाठी दुपटी शिवत बसली होती. आज देत नाही. उद्या सकाळी चहाबरोबर देईन.

२७ जानेवारी

दिली. हातातली सुई बाजूला ठेवून तिने सबंध वाचली. शिक्कासुद्धा वाचला.

मग म्हणाली, "आमच्या गटातही सातच नंबर गेला. मीच सुचवलं. तुमच्या तासभर आधी."

का, म्हटलं.

"बाकीच्यांवाचून कोणाचं ना कोणाचं अडलं असतं." प्रतीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "म्हटलं, माझ्या तोंडून गेलं ते गेलं. पलीकडच्या खोलीत तुम्ही आहात. तुम्ही नको म्हणाल."

ती उठून मागीलदारी कपडे वाळत घालायला गेली. मी मागोमाग गेलो. चिमटे हातात धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने तिने एक मागितला.