उलटे खिसे

केटा, १९ जून

प्रिय मावुएनाताई,

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. छोटे कांदे निघालेत, आक्राला जाणाऱ्या पहिल्या गाडीने पाठवते.

देलाबाईंना तुझ्या शाळेतून काढल्याचं, त्यांच्या हाती द्यायचं पत्र मिळालं. मीच फोनवर तुझ्या मागे लागले होते. काय करू, ती बाई दिवसभर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून निरीक्षणाच्या वहीत लिहिते. मॉन्टेसरीत मुलांचं निरीक्षण लिहितात, कबूल. पण लिहायला एवढं असतं तरी काय? मी जवळ गेले की वही मिटते. मला वाटलं, माझ्या चहाड्या तुला कळवते. गुलाबी मनोऱ्याचा सगळ्यात छोटा ठोकळा हरवला तेव्हा तर ती जरा जास्तच गप्प होती. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं.

काल ती जेवायला गेली आणि मी वही उघडली. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, आपलं मत नाही, ही तुझीच शिकवण. तिने तेच केलंय.

‘३ जून. एन्योनामबाईंनी सगळ्यांसमोर आकोफाचे खिसे उलटे केले. ठोकळा नव्हता. ४ जून. आकोफाने कुठलंच साहित्य घेतलं नाही. हात पाठीमागे. ५ जून. हात पाठीमागे.’ असं थेट कालपर्यंत.

हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं. सहा वर्षांची पोर गं. मुलांचे खिसे तपासायचे नाहीत, नेलेली वस्तू मूल आपणहून आणून ठेवतं, हा तुझा नियम मला पाठ आहे. पण संशय आला की माझं डोकं फिरतं.

आणि संध्याकाळी मातीकामाचा एप्रन धुवायला काढला, तर ठोकळा माझ्याच खिशात. काखेत कळसा नि गावाला वळसा. कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून मीच उचलला असणार. मला फार लाज वाटली.

आज तोच एप्रन घालून मुलांना गोल बसवलं आणि सगळं सांगितलं. आकोफा उठली. तिने माझा एक खिसा उलटा केला, मग दुसराही. कुणी हसलं नाही. नंतर दोन्ही नीट आत सारले.

“असे परत आत घालायचे असतात, बाई,” म्हणाली.

मनोऱ्याकडे मात्र ती अजून गेलेली नाही.

तुझं पत्र मी देलाबाईंना दिलं नाही. याच पाकिटात परत पाठवते आहे. कुणाला काढायचंच असेल, तर त्यावरचं नाव तेवढं बदल.

उद्यापासून कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसणारी,
तुझी एन्योनाम