ज्वारीच्या डब्यातली वही

हिमायतनगर, हैदराबाद
१२ ऑगस्ट १९५७

चि. जयवंता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. इकडे सगळे खुशाल. तुझे भावजी अजून घरातसुद्धा दखनीतलं 'नक्को' म्हणतात आणि मी भाजीवालीशी तेलुगू बोलले की हसतात. औरंगाबादेत तुला ऑफिस, शिपाई आणि दारावर नावाची पाटी मिळाली हे वाचून आनंद झाला. खरं सांगू? आनंद दुसऱ्या दिवशी झाला. पहिल्या दिवशी जेवण गेलं नाही.

मुलींच्या शाळांसाठी आणखी एक तपासनीस हवी आहे, परीक्षा पुन्हा होईल, साहेबांच्या कानावर तुझं नाव घातलंय, फॉर्म उलट टपाली पाठव, असं तू लिहितेस. फॉर्म भरला आहे. पण त्याआधी आपल्या वहीबद्दल बोलायला हवं.

आपण दोघी एकाच शाळेतल्या मास्तरणी, उर्दूत शिकलेल्या. हैदराबाद राज्याची वाटणी ठरली तशी खात्यानं इंग्रजीची परीक्षा लावली. पास होईल तिला बढतीवर मराठवाड्यात जाता येणार होतं. ऑर्डर, रिपोर्ट, वॉच हे शब्द आपल्याला फार छळायचे. तोच शब्द कधी वस्तू, कधी काम. वॉच म्हणजे मनगटावरचं घड्याळ आणि वॉच म्हणजे पाळत ठेवणंही! तोड तूच काढलीस. वहीत डावीकडून मी वस्तूंची नावं लिहायची, आणि तू उर्दूच्या सवयीनं वही उजवीकडून उघडून त्याच शब्दांची कामाची वाक्यं लिहायचीस. मधल्या पानावर भेटलो की दोघी पास, असं तू म्हणायचीस.

तुला ए बी सी डी मी शिकवली, अंबरपेठेत आपल्या काकांच्या ओसरीवर. आणि परीक्षेला पंधरा दिवस असताना आपल्या हेडबाई सुशीलाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कुसुमताई, जयवंताची वाक्यं बघा जरा. तुम्हीपण शिका की तिच्याकडून." सगळ्या हसल्या. तूही हसलीस. लाजून हसलीस हे मला कळलं होतं, तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या संध्याकाळी वही मी ज्वारीच्या डब्यात तळाशी घातली.

तू मात्र स्वतःलाच बोल लावलास. अफझलगंजच्या लायब्ररीत दोनदा जाऊन आलीस, रिक्षावाल्यांना विचारलंस. "अक्का, मीच कुठंतरी टाकली गं. आता तू काय करती?" म्हणून रडलीस. मी काय म्हणाले आठवतं? "जरा नीट वागत जा."

चौथ्या दिवशी तू नवी वही आणलीस, आठवून आठवून लिहिलेली. तुझी बाजू आणि माझीही. ती माझ्या हातात ठेवून गेलीस, स्वतःला ठेवली नाहीस. मी ती उघडली नाही. कोणत्या तोंडानं उघडणार? तू पास झालीस, मी नापास. ताप होता असं मी तुला सांगितलं. ताप नव्हता.

काल फॉर्मसाठी टाचणी शोधताना ती तुझी नवी वही हाती लागली. पहिल्यांदाच वाचली. हेव्याच्या इंग्रजी शब्दापुढे तुझं वाक्य आहे. त्याचा अर्थ, मला अक्काच्या अक्षराचा हेवा वाटतो.

म्हणजे तुलाही वाटत होता तर! तू तो लिहून मोकळी झालीस, वर मलाच वाचायला दिलास. मी माझा धान्यात पुरला आणि वर्षभर त्याच डब्यातल्या ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या.

सोबत दोन्ही वह्या आणि सही केलेला फॉर्म पाठवते. साहेबांना द्यायचा की फाडायचा, तू ठरव. फाडलास तर रागावणार नाही. जळेन थोडी, खोटं कशाला बोलू. पण उत्तर लिही. पाकीट फोडल्यावर आधी नोकरीचं नाही बघणार. मायन्यात मला काय म्हणून हाक मारली आहेस ते बघेन.

तोवर नुसतीच,
कुसुम