आधी कांड्या, मग माग

३ जानेवारी

आमच्या संस्थेचा नवा सचिव ऋषिकेश याला कार्यशाळेचा इतिहास पाहिजे. पंचवीस वर्षं झाली, पुस्तिका काढतो म्हणे. "काकू, प्रेरणा कुठून मिळाली?"

प्रेरणा! नवरा गेला, हातमाग रिकामा पडला, आणि शेजारच्या गोपिकाला शाळेनं घरी पाठवलं — "हिले काही समजत नाही." मला तरी कुठं समजत होतं? नवऱ्यानं जन्मभर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं, मागावर बसू दिलं नाही. तो गेल्यावर सूत तोडतातोडता आपली आपण शिकली. मग गोपिकाला शिकवलं. तिच्यामागून तिच्यासारखे बाकीचे आले. झाला इतिहास.

नियम एकच — नवीन माणसानं आधी कांड्या भरायच्या. आमदाराचा भाचा का असेना.

१९ जानेवारी

उजवा हात थरथरतो. धोटा दोनदा खाली पडला. कार्यशाळेतल्या आमच्या भूपेशच्या पोटात काही राहत नाही. "यमुताई, तुह्या हात नाचून राहिला." सगळे हसले. मीही. घरी येऊन रडली.

२८ जानेवारी

धंतोलीचा डॉक्टर म्हणाला, माग बंद. ऋषिकेशला तेवढंच पाहिजे होतं. "आता आराम करा काकू. समारंभात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू."

म्हणजे नारळ दिला. घरी बसून काय करू? भिंतीला सतरंजी विणायला शिकवू?

२ फेब्रुवारी

झोप नाही. भाजी खारट.

११ फेब्रुवारी

समारंभ. ऋषिकेश भाषणात सारखा 'आपले विशेष बांधव' म्हणे. भूपेशनं मोठ्यानं विचारलं, "ते कोण होय गा? जेवाले थांबतात का?" मी शालीत तोंड लपवून हसली.

नारळ हातात पडला आणि हसू गेलं. तेवढ्यात गोपिका उठली. नारळ ओढला, पायरीवर फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. सचिवालाही. मग मला म्हणे, "शाल घरी ठेव. सुतात अटकते. उद्या लवकर येजो."

काहून, ते सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

माझ्या मागावर गोपिका. मी दारात पाहुण्यासारखी उभी.

"नवीन काम, त आधी कांड्या," मान वर न करता ती बोलली. कांड्या भरायचा चरखा उलटा फिरवून ठेवला होता, डाव्या हातानं चालेल असा.

दुपारी माझी कांडी तिनं बोटानं दाबून पाहिली.

"ढिली आहे वं. परत भर."