बोल्ट मारलेल्या प्लेअरबाबत

मी, गणपती रामा कुरणे, वय वर्षे ५८, धंदा साऊंड सर्व्हिस, राहणार सदर बाजार, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. दाब कुणाचा नाही, असलाच तर रक्ताचा, तो सिस्टरनी सकाळपासून तीनदा मोजला. उद्या माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, पण सह्या मात्र चार कागदांवर घेतल्या. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, करीन असं वाटलंही नव्हतं.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि वरचा पत्रा, पत्नी पारूबाई हिच्याकडे ती हयात असेपर्यंत. तिच्यामागं मुलगा संघर्ष आणि मुलगी दीप्ती यांना निम्मं निम्मं. पासबुकातलं सगळं पारूबाईचं. त्यातून माझ्या नावानं कसलाही थाट करायचा नाही.

कलम २. जोतीराम साऊंडवाला दुखवट्याला आला तर चहा द्यावा, केबलचा ड्रम देऊ नये. १९९९ साली नेलेल्या ड्रमवरची केबल त्यानं अर्धी कापून आणली आणि वर म्हणाला, "उंदरांनी खाल्ली असंल की." उंदीर पक्कड वापरत नाहीत.

कलम ३. सोल्डरिंग गन आणि मीटर माझा मित्र फक्रुद्दीन याला द्यायचं होतं. मिरवणुकीत साऊंड लावायच्या ट्रॉलीचे सगळे लोखंडी अँगल त्यानंच वेल्डिंग केलेत. पण साक्षीदाराला काही लिहून देऊ नये असं कळलं, म्हणून आजच हातात दिलं. पिशवी मांडीवर घेऊन तो समोर बसलाय.

(इथं उठून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. सिस्टर ओरडल्या. परत बसलो.)

कलम ४. आता प्लेअर. तीन आहेत आणि तिन्हींची किंमत दुकानदाराला विचारू नये, मला विचारावी.

पहिला, १९९६ चा डबल डेक, दोन सीडींचा. अंग निव्वळ लोखंड, बटणं दगडासारखी, अंगठा दुखतो पण बटण तुटत नाही. एकदा गारगोटीच्या वरातीत पावसात भिजला, पुसला, वाजला. उणं एकच, धक्का सोसत नाही. दुसरा, दिल्लीहून आणलेला, पेनड्राइव्हवर चालतो. लायटिंग झकास, पण गाणं मागंपुढं करायचं चाक ढिलं आणि उन्हात पडद्यावरचं काही दिसत नाही. वरच्या झाकणावर टिचकी मारली की पत्र्याच्या डब्याचा आवाज येतो. हे दोन्ही संघर्षला. धंदा तो बघतो. दिल्लीवाल्यावर त्याचा जीव आहे, तर नांदू दे.

तिसरा, जपानी, २००२ चा. वरून प्लॅस्टिक बघून मी नाक मुरडलं होतं. पण चाकाला हात लावला आणि मुरडलेलं नाक सरळ झालं. केसभर फिरवलं तर केसभरच सरकतं. वेगाची पट्टी कुठंही अडखळत नाही. धक्का बसला तर पुढचं काही सेकंदांचं गाणं पोटात साठवून ठेवलेलं असतं, त्यावर वेळ मारून नेतो. खाली चार मऊ रबरी पाय. असं मशीन मी दुसरं बघितलं नाही. हा प्लेअर माझी मुलगी दीप्ती हिला.

कलम ५. तिलाच का, हे लिहिणं भाग आहे.

तो प्लेअर आमच्या घरात फक्त दीप्तीला कळला. २००४ च्या चौदा एप्रिलला मिरवणुकीत मी तिला ट्रॉलीवर प्लेअरपाशी उभं केलं. आदल्या वर्षी चढावर डबल डेक घसरून पडला होता, म्हणून त्या वर्षी मी शहाणपणा केला. जपान्याचे रबरी पाय काढले आणि चार बोल्ट मारून तो थेट लोखंडी अँगलला आवळला. हलायचं नाव नको. बिंदू चौकात ऐन गर्दीत गाणं अडकलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी दीप्तीच्या कानावरचा हेडफोन ओढून काढला आणि माईकवर बोललो, "बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं की ह्ये असंच हुतंय." सगळा चौक हसला. ती ट्रॉलीवरून उतरली आणि चालत घरी गेली. पुढं गारगोटीला शाळेत नोकरी धरली. परत प्लेअरला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोल्ट काढले, रबरी पाय लावले, तीच सीडी, तोच बेस, फुल आवाज. एकदाही अडकलं नाही. बेसचा हादरा लोखंडातून सरळ मशीनच्या पोटात जात होता, सारखा, मग साठवलेलं काही सेकंदांचं गाणं पुरणार कुठून. चूक माझी. मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली, आणि नंतर उशीर झाला असं स्वतःला सांगत राहिलो.

~~कलम ६. माझ्या मागं कलम ५ बिंदू चौकात, माझ्याच माईकवर, संघर्षनं मोठ्यानं वाचून दाखवावं.~~

हे कलम फक्रुद्दीननं वाचलं आणि कागदच ओढून घेतला. "येडा हाईस का गणपा? पोरगी जित्ती, तू जित्ता, आनि माफी मेल्यावर?" माझा नंबर ती उचलत नाही, म्हणून त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून लावून दिला.

"बोला चाचा."

"मी हाय. आबा."

तिनं फोन ठेवला नाही. मी सगळं सांगितलं, बोल्टापासून.

"म्हंजे तुमाला दुसऱ्याच दिवशी कळलेलं?"

"व्हय."

"आनि साडेचार वर्सं गप बसलासा?"

"व्हय."

"आनि आता मेल्यावर वाचून दावणार. मग मी भांडू कुणासंगं, आबा? कागदासंगं?" ती रडत होती, पण आवाज खाली आला नाही. "प्लेअर नको मला. ज्या चौकात बोललासा, त्या चौकात सोता हुबं ऱ्हाऊन बोला. मी येतो ऐकायला. न्हाय आलासा तर बघा." आणि फोन ठेवला.

म्हणून कलम ६ मी खोडलं आहे, खोडल्या जागी सही केली आहे. प्लेअर तरीही तिलाच, नको म्हणाली तरी.

कलम ७. घर, पासबुक, मशीन वारसांकडं जाईल. चौकात उभं राहण्याचं काम संघर्षकडं जात नाही, फक्रुद्दीनकडं जात नाही, कुणाकडंच नाही. ते माझ्या नावावर ठेवतो, मुदत येत्या चौदा एप्रिलपर्यंत. मृत्युपत्रात असं लिहीत नसतील, तरी लिहितो. मला जगायचं आहे.

सही: गणपती रामा कुरणे

साक्षीदार: १. फक्रुद्दीन हुसेन शिकलगार, राहणार कोल्हापूर. २. बाळासो दत्तू चौगुले, राहणार गगनबावडा, सध्या शेजारची खाट. लिहून देणाऱ्यानं आमच्या दोघांसमोर सही केली, शुद्ध पक्की होती.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २००८, मंगळवार